अर्ध्या गोळीचा मार्च

मार्च लागला की आमच्या कोपरखैरण्यात खोबरेल तेलाचा वास वाढतो. निदान मला तरी तसं वाटतं. आमच्या सोसायटीत यंदा बारावीची तीन मुलं आहेत आणि दहावीची दोन. सकाळी ती एकेक करून जिना उतरतात तेव्हा सगळ्यांची डोकी चपचपीत असतात. वर्षभर केसांना जेल फासून हिंडणारी पोरं पेपरच्या दिवशी आईच्या हाती बरोबर सापडतात. तळहातावर दही, टाळूवर तेल. डोकं थंड राहतं म्हणे. राहत असेलही. पण मला या जगात तेलाइतका राग कशाचा येत नाही.

कारण माझा धंदाच डोक्यांचा आहे. मी ईईजी टेक्निशियन आहे. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचं काम गेली चोवीस वर्षं करते आहे. तेलकट डोक्यावर वायर टिकत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं असतं, शाम्पूने केस धुऊन या, तेल लावू नका. तरी दहातले चार जण तेल थापूनच येतात. "मॅडम, डोक्याची तपासणी म्हटल्यावर थोडं लावलंच." आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "करंट देणार का?" मी सांगते, "देत नाही हो, तुमचाच घेते."

यंदा तेलाचा वास माझ्या स्वतःच्या घरात आहे. माझी लेक तन्वी बारावीला आहे. माझी आई इथून दोन सेक्टर पलीकडे, आमच्या जुन्या बैठ्या घरात राहते, आणि प्रत्येक पेपरच्या सकाळी तेलाची बाटली पिशवीत घालून चालत येते. सत्तरी ओलांडली तरी रिक्षा करत नाही. तन्वी पाटावर बसते, आजी तिच्या टाळूवर तेल जिरवते, आणि मी ओट्याशी उभी राहून त्या दोघींकडे बघते. तेव्हा मला दुसराच एक मार्च आठवतो. मी एकवीस वर्षांची होते आणि त्या मार्चमध्ये मी माझ्या आईचं डोकं कागदावर काढलं होतं.

पण त्याही आधीचं थोडं सांगायला हवं. माझ्या बारावीला, फिजिक्सच्या पेपरात, मी भोवळ येऊन बाकावरून खाली पडले होते. फिट आली की काय, या शंकेने मला वाशीच्या एका लहानशा तपासणी केंद्रात नेलं. तिथे परब सर होते. मूळचे मालवणकडचे, बुटके, जाड चष्म्याचे. त्यांनी माझ्या डोक्याला वायरी लावल्या आणि यंत्रातल्या पेना सरकत्या कागदावर कुरकुर करत रेघा ओढू लागल्या. मी घाबरायचं विसरून त्या पेनांकडे बघत राहिले. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर तोंडाशी धरून बसली होती. शेवटी परब सर म्हणाले, "डोकं झकास आहे पोरीचं. सकाळी खाल्लं काय होतंस गो?" मी काहीच खाल्लं नव्हतं.

मी त्या वर्षी फिजिक्समध्ये नापास झाले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मात्र घरात एक नवल घडलं होतं. आई शांत झाली होती. आधी ती अशी नव्हती. बाबा मार्केटात गोणी उचलायचे, आणि त्यांना यायला अर्धा तास उशीर झाला तरी ही दारात येरझाऱ्या घालायची. आता ती पेपरच्या दिवशी माझ्या टाळूवर सावकाश तेल जिरवायची आणि म्हणायची, "जा गं. जे येतंय ते लिही. ऱ्हायलेलं ऱ्हाऊ दे." तिच्या बोटांचा एक ठेका होता, संथ, न चुकणारा. त्या बोटांखाली माझ्या छातीतली धडधड खरंच बसायची. मी पास झाले. तेव्हापासून कसलीही भीती वाटली की मी तिच्यापुढे डोकं करायची.

पुढे मी त्या पेनांच्याच नादाने परब सरांकडे काम शिकायला लागले. कोर्सची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा मार्चअखेरीला होती. तो मार्च माझ्या अंगात अजून आहे. सकाळी बसने वाशीला जाताना मार्केटच्या बाजूने कांद्याचा उग्र वास यायचा आणि त्यातूनच मध्ये कुठेतरी, आंब्याच्या पहिल्या पेट्यांतल्या गवताचा. पुलाच्या अलीकडे खाडीत भरती नसली की चिखलात रोहित पक्षी उभे दिसायचे, फिकट गुलाबी. केंद्रात शिरलं की शाई, वायरी चिकटवायची पेस्ट आणि स्पिरिट. संध्याकाळी घरी परतले की माझ्या बोटांना चिकटलेली पेस्ट बघून आई म्हणायची, "पिठात हात घालून आलीस जनू."

परीक्षेआधी दहा डोकी काढून आण, असं सरांनी सांगितलं होतं. शिकाऊ माणसाला डोकी कोण देणार? घरचेच. पहिले बाबा. दिवसभर पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला गुबगुबीत खुर्ची मिळाली, दोन मिनिटांत घोरायला लागले. मी सगळे कागद झोपेचेच काढले. सर हसले, म्हणाले, "छान आलाय. फक्त जागा माणूस काढायचा होता."

मग आई. तिने त्यासाठी तीन वेळा शिकेकाईने केस धुतले. घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं काम ती करायची, आणि माझी मोजायची टेप तुटली होती म्हणून मी तिचीच शिवणाची टेप नेली होती. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजायचं आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. आई म्हणाली, "माज्याच टेपनं माजंच माप घे बाई." मी तिच्या केसांत भांग पाडत होते. जन्मभर तिने माझे पाडले होते. आत, वरून दिसत नव्हते तिथे, केवढे तरी पांढरे केस होते. कुंकवाच्या जरा वर मी पहिली लाल खूण केली आणि मला उगीचच रडू आलं.

चूक त्याच्याही आधी झाली होती. वायर लावण्यापूर्वी एक फॉर्म भरायचा असतो. नाव, वय, शेवटचं कधी खाल्लं, किती झोप झाली. आणि एक प्रश्न: काही गोळ्या चालू आहेत का? परब सरांचा नियम होता की हा प्रश्न तोंडाने विचारायचा, उत्तर माणसाच्या तोंडून ऐकायचं. मी तो फॉर्म बसमध्येच भरून टाकला होता. आईचं मला काय माहीत नव्हतं? गोळ्यांच्या पुढे मी 'नाही' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

कागद सुरू झाला. माणूस जागा असला आणि निवांतपणे डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक ठरावीक लय उमटते. अल्फा म्हणतात तिला. सेकंदाला नऊ-दहा, गोलसर, एकसारखी. ती दिसली की शिकाऊ टेक्निशियनला घरी आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "आई, डोळे मिट."

"मिटलेत की."

मी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, डोळे मिटले. पण अल्फा धड येईना. जरासा उमटे आणि विरून जाई. आणि पुढच्या बाजूच्या वायरींमध्ये भलतंच काहीतरी चाललं होतं. बारीक, दाट, भरभर रेघा, आई पिकोच्या मशीनवर काठाला मारायची तशी बारीक शिलाई. दात आवळले, कपाळ ताणलं की स्नायूंची खरखर कागदावर येते, तसंच असणार असं मी धरलं. म्हटलं, "जबडा सैल सोड. तोंड थोडं उघडं ठेव." तिने ठेवलं. शिलाई चालूच राहिली.

परब सर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी अंगठ्याने पानं उलटली, फॉर्म उचलला, वाचला. आईला म्हणाले, "छान बसलात हां, वहिनी. झालंच." आणि मला बाहेर गॅलरीत नेलं.

"विचारलंस?"

"सर, आई आहे माझी."

"म्हणूनच विचारलं नाहीस."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना उठवत असतात, तशा गप्पही करत असतात. गप्प करणारं रसायन मेंदूतच असतं. भीतीवरच्या, घबराटीवरच्या ज्या गोळ्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा या गप्प करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. माणूस निवळतो. पण कागदावर मात्र उलटंच दिसतं. मागचा अल्फा कमी होतो आणि पुढे ही भरभर चालणारी बीटा लय वाढते. मी म्हटलं, "म्हणजे वरून शांत आणि आत घाई?" सर जरा चिडले. "तसलं काही मनाचं लावू नको. घाई म्हणजे भीती नव्हे. या कागदावर मन दिसत नाही, वीज दिसते. गोळी दिसते फक्त. आणि तीसुद्धा विचारल्याशिवाय नक्की म्हणायची नाही. घरी जा, नीट विचार."

मी विचारलं, पण नीट नाही. आई मशीनवर बसली होती, मांडीवर कुणाची तरी मोरपंखी साडी. मी दारातच म्हटलं, "तू कसली गोळी घेतेस?"

तिने पाय थांबवला. "तुज्या मशीनला येवढं कळतं व्हय?" मग म्हणाली, "अर्धीच घेते."

गोळ्या शेजारच्या पाटीलकाकूंच्या होत्या. त्यांना कधीकाळी डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या आणि ती जुनी चिठ्ठी दाखवून त्या अजूनही आणत होत्या. आमच्या ओळीतल्या बायकांत वाटीभर साखर जायची, विरजण जायचं, तशी कागदात गुंडाळलेली ही गोळीही जायची. हळदीकुंकवाला सुद्धा. एकीला जावयाचं टेन्शन, एकीला धडधड, एकीला झोप नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आई ती बटणांच्या डब्यात ठेवायची आणि ब्लेडने बरोबर मधोमध कापायची.

"तू परीक्षेत पडलीस त्या दिशी माजं काळीज जाग्यावर ऱ्हायलंच न्हाई," ती म्हणाली. "तुजी कागदं आली, डोकं चांगलं हाय म्हनले. माजं कोन काडतंय? तुज्या डोक्याला हात लावला की माजा हातच कापायचा. म्हनलं, घरात येक तरी मानूस घट्ट पायजे."

यावर तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी एकवीस वर्षांची होते, शहाणी होते. मी म्हटलं, "म्हणजे तू शांत नव्हतीसच. ती गोळी होती."

ती उठली, बटणांच्या डब्यातून पाकीट काढलं आणि माझ्यादेखत कचऱ्यात टाकलं. मला ते बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. तो सोमवार होता.

गुरुवारी दुपारी मी परब सरांना मोठ्या दिमाखात सांगितलं, आईने तीन वर्षांची गोळी सोडली. त्यांच्या हातात चहाचा कप होता. "कधी?" "सोमवारी. एकदम." त्यांनी कप खाली ठेवला. "तीन वर्षांची सवय एकदम तोडली? अगो, मेंदू तिच्या आधारावर उभा असतो. आधार खस्सकन काढला तर झटके येऊ शकतात. घरी जा. आत्ता जा."

वाशी ते कोपरखैरणे म्हणजे काही परदेश नाही. पण त्या दिवशी बस प्रत्येक स्टॉपवर थांबली आणि मी प्रत्येक स्टॉपवर मेले. फिट आलेला माणूस मी रोज बघत होते, त्याच्या घरच्यांना धीर देत होते. डोळ्यांपुढे सारखी आई दिसत होती, मशीनपाशी खाली पडलेली. मी केलं हे, एवढंच मनात चाललं होतं. एक फॉर्म खोटा भरला आणि एक वाक्य बोलले.

दार उघडंच होतं. आई मशीनपाशी बसली होती. पंखा चालू असून घामाने ब्लाउज भिजलेला. हातात सुई आणि दोरा, आणि दोन्ही हात असे थरथरत होते की दोरा सुईच्या आसपाससुद्धा जात नव्हता. रोज एकाच घरात राहून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला बघून ती ओशाळली. "तीन दिस झालं, दोराच जात न्हाई गं," ती म्हणाली. मी तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. ती कापऱ्या हाताने माझी पाठ थोपटत राहिली.

त्याच संध्याकाळी केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. गोळी पुन्हा सुरू केली, त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने, आणि मग ती इतक्या हळूहळू उतरवत नेली की शेवटचा तुकडा गणपतीनंतर सुटला. आईवर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी घ्यायची लाज नाही वाटून घ्यायची. माझ्याकडे यायचं फक्त. शेजारणीच्या नंबरचा चष्मा तरी लावाल का?" रागावल्या त्या मला. तो राग मी जपून ठेवला आहे.

आठवड्याने माझी परीक्षा झाली. निघताना आईने तळहातावर दही ठेवलं, ते अर्धं माझ्या मनगटावरून ओघळलं. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, वायर लावण्याआधी काय कराल? मी म्हटलं, गोळ्या विचारीन. माझी आई असली तरी विचारीन. ते जरा चकित झालेले दिसले.

दिवाळीनंतर मी आईचा दुसरा कागद काढला. या वेळी फॉर्म तिच्यासमोर बसून, एकेक प्रश्न विचारून भरला. तिने डोळे मिटले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा आला, गोल, भरदार. पुढची बारीक शिलाई गेली होती. मला वाटलं, सुटलो. पण कागदावर अल्फा आला म्हणून घरात शांती येत नाही. आई पुन्हा दारात येरझाऱ्या घालू लागली. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, माझी बस चुकली की बाबांना स्टॉपवर पिटाळायची. डॉक्टरबाईंकडे जायची, बोलायची, पुढे पुढे बरीच सावरली. पण खरं सांगू? मला त्या दोन-तीन मार्चमधली आई आठवायची. संथ बोटांची. तिची मला फार ओढ लागायची, अजून लागते, आणि ती ओढ कुणापाशी बोलण्यासारखीही नव्हती.

ती शांती कुणाची, यावर मी पुष्कळ वर्षं डोकं चालवलं. दुसऱ्यांचे कागद बघतानाही. आता मला इतकंच वाटतं की हात स्थिर केला असेल गोळीने, पण तो माझ्या डोक्यावर ठेवायचं गोळीने ठरवलं नव्हतं. मी त्या सोमवारी जे बोलले ते म्हणूनच चूक होतं. हे तिला सांगायला मला बरीच वर्षं लागली. सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. म्हणाली, "मला कवाच म्हाईत हाय," आणि सोलत राहिली.

आता पेना नाहीत, शाई नाही. पडद्यावर रेघा सरकतात, बोटाने मागेपुढे करता येतात. परब सर निवृत्त होऊन गावी गेले. भीतीची गोळी मीही एक वर्ष घेतली, बाबा गेले त्यानंतर. रीतसर, डॉक्टरांनी दिलेली. फ्रिजवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची, आणि तन्वी तेव्हा लहान होती तरी तिला माहीत होतं की ती आईची गोळी आहे. आईचा तो पहिला कागद मी सरांकडून मागून घेतला होता. कपाटात घडी करून ठेवला आहे. आता पिवळट पडला आहे, पण माझ्या अक्षरातलं 'डोळे मिटले' अजून वाचता येतं.

आज तन्वीचा फिजिक्सचा पेपर. आई नेहमीपेक्षा लवकर आली. मी डबा भरला, पाण्याची बाटली भरली, हॉलतिकीट दोनदा तपासलं, सगळं तोंड मिटून, न बोलता. तन्वी पाटावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, तुला कशी काय भीती वाटत नाही?" ती म्हणाली. "तू मस्त कूल."

माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं, अगदी तयार. जा गं, जे येतंय ते लिही. तेवढ्यात आईची बोटं तन्वीच्या केसांत थांबली. आई माझ्याकडे बघत होती.

मी हातातला डबा खाली ठेवला, तन्वीपुढे बसले आणि माझा उजवा हात तिच्या हातात दिला. चोवीस वर्षं लोकांच्या डोक्यांवर न चुकता खुणा करणारा हात. तो थरथरत होता. मी काढून घेतला नाही.

तन्वीने तो दोन्ही हातांत धरला, बघत राहिली. "अगं, हा तर माझ्यापेक्षा जास्त कापतोय," ती म्हणाली आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग उठली, अर्धी पोळी खाल्ली, दही चाटलं आणि धाडधाड जिना उतरून गेली. मी खिडकीत जाऊन ती रस्त्याला लागेपर्यंत बघितलं.

मागे आई तेलाच्या बाटलीचं झाकण लावत होती. हात पुसत म्हणाली, "मला हे तवा जमलं न्हाई बग."